मूक कोर्समधून लोक गळतात कुठे, आणि तरीही तो का बनवावा

प्रश्न एका प्राध्यापिकेचा आहे, थोडक्यात असा: "मोठ्या खुल्या ऑनलाइन कोर्समुळे, म्हणजे मूक कोर्समुळे, जगातलं उत्तम शिक्षण कुणालाही फुकट मिळेल, असं २०१२ च्या सुमारास सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात नाव नोंदवणाऱ्या शंभरातले तीन-चारच कोर्स पूर्ण करतात असं वाचते. मग या प्रकारात अर्थ उरला आहे का? आमच्या विभागाला असा एक कोर्स तयार करायचा आहे. करावा का, आणि केला तर कशात वेळ घालवावा?"

मी गेली बारा वर्षं असे कोर्स तयार करतो आणि चालवतो, बहुतेक प्राथमिक संख्याशास्त्राचे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: करा. फक्त व्हिडिओ म्हणजेच कोर्स ही समजूत पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. आमच्या क्षेत्राची सुरुवातीची काही वर्षं या समजुतीपायी गेली. चांगलं व्याख्यान दुर्मीळ असतं, ते सगळ्यांना उपलब्ध करून दिलं की शिक्षण पोहोचलं, असा तो हिशेब होता. व्याख्यान खरंच पोहोचलं. पण शिकणाऱ्याला करून बघायला काम लागतं, चुकलं तर नेमकं कुठे चुकलं हे सांगणारं कुणी लागतं, आणि आपण चार दिवस फिरकलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल अशी सोबत लागते. या गोष्टी व्हिडिओच्या पाठीवर बसून जात नाहीत. त्यांची सोय वेगळी करावी लागते आणि सगळा खर्च, सगळी मेहनत तिथेच आहे.

गंमत अशी की ज्या कोर्सवरून 'मूक' हे नाव पडलं, त्यात सोबतच मुख्य होती. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सिमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स घेतला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास होते आणि इंटरनेटवरून फुकट सामील झालेले दोन हजारांवर. डेव्ह कॉर्मियर यांनी या प्रकाराला 'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स' म्हटलं आणि त्याची MOOC ही आद्याक्षरं रूढ झाली. तिथे लोक आपापल्या ब्लॉगवर लिहीत, एकमेकांचं वाचत, वाद घालत. ती आद्याक्षरं मराठीत लिहिली की शब्द होतो 'मूक'. हा योगायोग मला अस्वस्थ करतो, कारण आजच्या कोर्समधला बहुसंख्य विद्यार्थी खरोखर मूक असतो. तो येतो, व्हिडिओ लावतो, कुठेतरी थांबवतो आणि जातो. का गेला ते सांगत नाही. आपल्या हाती उरते ती फक्त त्याच्या क्लिकची नोंद.

मोठी लाट २०११ ची. सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी स्टॅनफर्डमधला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांना खुला केला आणि सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स ही असे कोर्स देणारी संकेतस्थळं उभी राहिली. एडएक्सच्या आधी एमआयटीने चालवलेल्या सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या कोर्सला १,५४,७६३ जणांनी नोंदणी केली, ७,१५७ जण उत्तीर्ण झाले. पूर्ण गुण मिळवणाऱ्या मोजक्यांमध्ये मंगोलियातल्या उलानबाटरचा पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. पुढे त्याला एमआयटीतच प्रवेश मिळाला.

या मुलाची गोष्ट जगभर सांगितली गेली आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण सांगताना तिचा अर्धा भाग बहुतेक वेळा गळतो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीतून शिकून आलेले होते. हा कोर्स मुलांनी करावा म्हणून त्यांनी शाळेत वेळ काढला आणि स्टॅनफर्डमधल्या एका संशोधकाला बोलावून घेतलं. तो उपकरणं बरोबर घेऊन आला आणि मुलांकडून प्रत्यक्ष सर्किटं जोडून घेतली. म्हणजे पडद्यावर एमआयटी होतं आणि खोलीत शिक्षक होता. मुलाच्या बुद्धीचं मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण "कोर्स खुला केला आणि दूरदेशीचा मुलगा शिकला" एवढीच गोष्ट ऐकून जे आपला कोर्स आखतात, त्यांच्या आराखड्यात ती खोली आणि तो शिक्षक नसतोच.

आता तीन-चार टक्क्यांचं. तुम्ही वाचलेला आकडा बरोबर आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सची २०१२ ते २०१८ ची माहिती तपासून २०१९ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत एक लेख आला. २०१७-१८ मध्ये पूर्ण करण्याचं प्रमाण ३.१३ टक्के होतं आणि त्या सहा वर्षांत ते सुधारलेलं नव्हतं. त्याच लेखातल्या आणखी दोन आकड्यांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे ५२ टक्के, कोर्सच्या आत कधी पाऊलच टाकत नाहीत. आणि पैसे भरून प्रमाणपत्राच्या रांगेत लागलेल्यांपैकी त्या वर्षी ४६ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला.

नोंदणी म्हणजे प्रवेश नव्हे. एक बटण दाबलं की नोंदणी होते, त्याची किंमत शून्य. पुस्तकाच्या दुकानात शिरलेल्या प्रत्येकाला ग्राहक मानलं तर दुकान बुडाल्यासारखंच दिसेल. मला एकदा एका गृहस्थांनी लिहिलं की ते फक्त चौथ्या आठवड्यासाठी आले होते, त्यांना कामासाठी समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची पद्धत) समजून घ्यायचं होतं, ते समजलं, आभार. माझ्या तक्त्यात ते 'अपूर्ण' म्हणून नोंदले गेले आहेत.

तरी या सबबीच्या आड लपणं मला पटत नाही. आमच्या क्षेत्रात हे आता पाठच झालं आहे: "लोकांना हवं तेवढं घेऊन ते जातात, त्यात वाईट काय?" ज्यांनी पहिला आठवडा मन लावून केला, दुसऱ्याचा गृहपाठ अर्धा सोडवला आणि मग दिसेनासे झाले, त्यांना तेवढंच हवं होतं असं म्हणणं खोटेपणाचं आहे. माझ्या प्रत्येक कोर्समध्ये सर्वांत जास्त गळती पहिल्या दोन आठवड्यांत होते. गृहपाठ अर्धा टाकून गेलेल्यांना मी पत्रं पाठवून विचारलं. उत्तर देणारे थोडेच, पण उत्तरं सारखी: एका ठिकाणी अडलो, विचारायला कुणी नव्हतं, एक दिवस राहिला, मग आठवडा राहिला, मग उघडायची लाज वाटू लागली.

ती लाज फार महागात पडते. आणि ती सगळ्यांना सारखी नडत नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१३ मध्ये आपल्या कोर्सेरावरच्या कोर्समधल्या लोकांची पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जण आधीच कुठली ना कुठली पदवी घेतलेले होते. ज्यांना शिकायची सवय आहे, अडलं तर काय करायचं हे ठाऊक आहे, ते तरतात. ज्यांच्यासाठी दार उघडलं असं आपण म्हणत होतो ते उंबरठ्यावरच अडखळतात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे प्राथमिक कोर्स श्रेयांकांसह ऑनलाइन घेऊन पाहिले. त्यात आधी नापास झालेले विद्यार्थी होते, शाळकरी मुलंही होती, त्यांतल्या काहींकडे घरी भरवशाचं इंटरनेट नव्हतं. उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण कॅम्पसवरच्या वर्गांपेक्षा बरंच खाली आलं आणि प्रयोग थांबवावा लागला. नंतरच्या अभ्यासात पास होण्याशी सर्वांत जवळचं नातं दिसलं ते किती गृहपाठ सोडवून पाठवले याचं.

इथून तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण वेळ कशात घालवायचा याचं उत्तर त्या गृहपाठातच आहे. २०१५ मध्ये कार्नेगी मेलनच्या केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या एका मूक कोर्समध्ये मोजलं, की जास्तीचा व्हिडिओ बघण्यापेक्षा जास्तीचा सराव करण्याचा शिकण्याशी सुमारे सहापट घट्ट संबंध आहे. त्या वेळी आमच्याकडे वेळेची वाटणी बरोबर उलटी होती. कॅमेरा, प्रकाश, संकलन यांत महिने गेले होते आणि प्रश्न शेवटच्या आठवड्यात, रात्री जागून काढलेले होते. प्रश्नही कसले? व्हिडिओत जे वाक्य बोललो तेच रिकाम्या जागेत भरा.

एक प्रश्न जवळून दाखवतो. प्रमाण विचलन शिकवून झाल्यावर आधी आम्ही विचारत होतो: "प्रमाण विचलन कशाचं मोजमाप आहे?" पर्याय चार, बरोबर उत्तर 'विखुरलेपणाचं'. जवळपास सगळे बरोबर. आम्ही खूश. मग तो काढून हा घातला: "२, ४, ६ या तीन आकड्यांत प्रत्येकी १० मिळवले. प्रमाण विचलन किती बदलेल?" पर्याय: १० ने वाढेल, दुप्पट होईल, बदलणार नाही, आकडे मोठे झाल्यामुळे थोडं वाढेल. बरोबर उत्तर 'बदलणार नाही', कारण आकड्यांमधली अंतरं तीच राहतात. यात मोठ्या संख्येने लोक चुकले, आणि बहुतेक पहिल्या पर्यायावर. पहिला पर्याय निवडणारा प्रत्यक्षात सरासरीचं उत्तर देत असतो, कारण सरासरी ४ ची १४ होते. चौथा निवडणाऱ्याच्या मनात 'मोठे आकडे म्हणजे मोठं विचलन' असं काहीतरी असतं. दोघांची चूक वेगळी, म्हणून दोघांना उत्तरही वेगळं द्यावं लागतं. पहिल्याला आम्ही लिहिलं: "सरासरीसाठी हे बरोबर आहे. आता १२, १४, १६ हे नव्या सरासरीपासून किती दूर आहेत ते मोजा आणि परत या." नुसतं 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' असं दाखवलं की माणूस उरलेल्या पर्यायांवर एकेक टिचकी मारत सुटतो. असा एक प्रश्न नीट बसवायला आम्हाला अर्धा दिवस लागतो, आणि तो अर्धा दिवस एका व्हिडिओच्या चित्रीकरणापेक्षा मोलाचा असतो.

चुकीचे पर्याय कल्पनेने सुचत नाहीत, हेही सांगून ठेवतो. ते वर्गातून येतात. तुमच्या जुन्या उत्तरपत्रिका काढा. मुलं जिथे वर्षानुवर्षं त्याच तऱ्हेने चुकतात ती तुमच्या विभागाची खरी पुंजी आहे आणि ती कुठल्याही मोठ्या विद्यापीठाकडून फुकट मिळणार नाही.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्या सत्रांत प्रेक्षक सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही असं तीत दिसलं. वर्गातलं तासाभराचं व्याख्यान कापून लावलेले तुकडे, ऑनलाइनसाठी मुद्दाम केलेल्या छोट्या व्हिडिओंपेक्षा कमी पाहिले जातात हेही दिसलं. त्यामुळे स्टुडिओच्या मागे लागू नका, आवाज स्वच्छ ठेवा आणि हाताने लिहीत समजावून सांगा. प्रसिद्ध झाल्यावर व्हिडिओ कुठे मागे नेऊन पुन्हा पाहिला जातोय ते मात्र तपासा. माझ्या एका व्हिडिओत चौथ्या मिनिटाला आलेखाचं उंच टोक दिसायचं. शोधल्यावर कळलं की 'स्वातंत्र्य मात्रा' हा संख्याशास्त्रातला शब्द मी व्याख्या करण्यापूर्वीच वापरून पुढे गेलो होतो. वर्गात असतो तर समोरच्या चेहऱ्यांवरून तेव्हाच कळलं असतं.

निबंध किंवा प्रकल्प तपासायचे असतील तर हजारोंच्या संख्येत शिक्षक पुरत नाही. मग विद्यार्थ्यांनी एकमेकांचं तपासायचं, प्रत्येकाने तीन-चार जणांचं. ही पद्धत वाईट नाही. दुसऱ्याचं काम वाचताना स्वतःच्या चुका दिसतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पण निकष ढिले असले की सगळीकडे 'छान' एवढंच लिहून येतं. "विश्लेषण चांगलं आहे का?" असं आम्ही विचारत होतो. त्याऐवजी "दोन्ही अक्षांवर एककं लिहिली आहेत का? निष्कर्षाचं वाक्य कुठल्या आकड्यावर उभं आहे, तो आकडा इथे उतरवा" असं विचारू लागलो, तेव्हा शेऱ्यांमध्ये जीव आला. दुसरी अडचण गळतीची. तुम्ही प्रकल्प वेळेवर दिला आणि तपासणारे तिघेही कोर्स सोडून गेले, तर तुम्ही ताटकळत बसता. म्हणून प्रत्येक प्रकल्प गरजेपेक्षा जास्त जणांकडे पाठवायचा आणि तरीही राहिलेले स्वतः तपासायचे. त्यासाठी दर आठवड्याचे काही तास आधीच राखून ठेवा.

संख्या मोठी झाली की साधी गोष्टही कोलमडते. २०१३ च्या सुरुवातीला कोर्सेरावर ऑनलाइन कोर्स कसे आखावेत याच विषयाचा एक कोर्स होता, सुमारे ४० हजार लोकांचा. गट पाडण्यासाठी सगळ्यांना एका सामाईक गुगल तक्त्यात नाव लिहायला सांगितलं. इतके लोक एकाच वेळी तो तक्ता उघडू शकत नव्हते, एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या हातून पुसलं जात होतं आणि काही दिवसांत कोर्स थांबवावा लागला. आखणाऱ्यांना हसायला नको, वर्गात चाळीस जणांसाठी तीच युक्ती बिनबोभाट चालते. कुठलीही कृती ठरवताना "दहा हजार जणांनी एकाच तासात केली तर?" हा प्रश्न मी आता प्रत्येक आखणीत लिहून ठेवतो.

सोबतीचं काय? पुष्कळांना वाटतं की एखादी हुशार क्लृप्ती गळती थांबवेल. सुरुवातीच्या प्रयोगांत आशा दिसलीही होती: कोर्सच्या आरंभी स्वतःच्या मूल्यांबद्दल चार ओळी लिहायला लावल्या तर कमी विकसित देशांतल्या विद्यार्थ्यांचं पूर्ण करण्याचं प्रमाण वाढलं, असं २०१७ मध्ये दिसलं. मग तेच संशोधक सुमारे अडीचशे कोर्स आणि अडीच लाख विद्यार्थ्यांवर हे उपाय तपासत गेले आणि २०२० मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं की परिणाम फार तोकडे आहेत. 'मी कधी आणि कुठे अभ्यास करीन' असं लिहून घेतल्याने पहिले काही आठवडे लोक जास्त येत होते, पण शेवटपर्यंत पोहोचणारे वाढले नाहीत. मला ते निष्कर्ष वाचून वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. अडलेल्या माणसाला माणूस लागतो.

याचा पुरावा दुसऱ्या बाजूनेही मिळतो. जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन सुरू केली, संपूर्ण फी सुमारे ७ हजार डॉलर. व्हिडिओ तेच मूक पद्धतीचे, पण त्यांच्याभोवती मुदती, परीक्षा आणि शंका सोडवणाऱ्या सहाय्यकांची मोठी फौज. आज तिथे एका वेळी दहा हजारांहून जास्त लोक शिकतात आणि अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की त्यांतल्या पुष्कळांनी ही सोय नसती तर अशी पदवी घेतलीच नसती. खुलेपणाचं मूळ वचन मला इथे सर्वांत जास्त पाळलेलं दिसतं, जरी हा कोर्स फुकट नाही.

फुकटची बाजू मात्र आकसत गेली आहे, हे तुम्ही संकेतस्थळ निवडण्यापूर्वी लक्षात घ्या. आधी सगळं खुलं होतं आणि फक्त प्रमाणपत्राला पैसे होते. पुढे कोर्सेरावरच्या अनेक कोर्समध्ये गुण मिळणारे गृहपाठ पैशांच्या दाराआड गेले, २०१८ च्या अखेरीस एडएक्सनेही तेच केलं. २०२१ मध्ये एडएक्स ८० कोटी डॉलरला टूयू या कंपनीकडे गेलं आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. पैसा कुठून तरी यायला हवा हे मला मान्य आहे. पण व्हिडिओ फुकट आणि सराव विकत, ही वाटणी शिकण्याच्या दृष्टीने नेमकी उफराटी आहे. करार करताना सरावाचे प्रश्न सगळ्यांना खुले राहतील ही अट घाला आणि मूळ प्रश्नसंच, चित्रफिती, मजकूर तुमच्याकडे राहील हे लेखी घ्या.

मथळे, म्हणजे व्हिडिओखाली येणारा बोललेला मजकूर, पहिल्या दिवसापासून द्या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने याच कारणासाठी हार्वर्ड आणि एमआयटीवर दावा लावला आणि पुढे दोन्ही संस्थांनी मथळे देण्याचं मान्य केलं. 'सगळ्यांसाठी खुलं' म्हणायचं आणि ऐकू न येणाऱ्याला बाहेर उभं करायचं, हे दाव्याची वाट न बघता टाळायला हवं होतं. मथळ्यांचा उपयोग परक्या भाषेत शिकणाऱ्यालाही होतो, आणि गोंगाटात मोबाइलवर बघणाऱ्यालाही.

प्रमाणपत्राच्या विश्वासार्हतेबद्दल तुमचा विभाग नक्की विचारेल. एकाच माणसाने दोन खाती उघडायची, एकातून उत्तरं काढायची आणि दुसऱ्यातून भरायची, हा प्रकार संशोधकांनी २०१५ मध्येच उघड केला होता. प्रत्येकाला वेगळे आकडे देणारे प्रश्न केले तर तो बराच आटोक्यात येतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं क्षणात निबंध लिहून देतात, त्यामुळे घरून लिहून पाठवलेल्या मजकुरावर मी श्रेयांक देत नाही. श्रेयांक द्यायचे तर देखरेखीखालची परीक्षा लागेल. सराव मात्र खुला आणि निर्धास्त राहू द्या, तिथे कुणी फसवलं तर ते स्वतःलाच.

तेव्हा सुरुवात अशी करा. सगळा विषय घेऊ नका, तुमची मुलं हमखास अडतात असा तीन-चार आठवड्यांचा तुकडा निवडा. प्रश्न आणि चुकांची उत्तरं आधी लिहा, ती तुमच्या वर्गातल्या मुलांवर तपासा आणि मगच कॅमेरा लावा. निधीचा अर्धा भाग चित्रीकरणात जाणार असेल तर अंदाजपत्रक परत लिहायला घ्या. कोर्स सुरू झाल्यावर पहिले चौदा दिवस विभागातलं एक जण रोज तासभर फक्त अडलेल्यांना उत्तरं देण्यासाठी ठेवा, शक्य असेल तर आधीच्या वर्षीचे दोन विद्यार्थी त्याच्या मदतीला द्या. आणि जे गृहपाठ अर्धा टाकून थांबले आहेत त्यांची यादी तिसऱ्या दिवशी काढून त्यांना लिहा, "उशीर झाला तरी चालेल, तिसऱ्या प्रश्नात अडला असाल तर ही एक सूचना पाहा." मी हे पत्र पाठवतो. बहुतेकांकडून काही येत नाही. काही जण परत येतात, आणि त्यांतल्या एखाद्याने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भरल्याची नोंद मला रात्री दिसते.